चटई तिनं उचलायची

आमच्या बेटावरच्या गावाला पहाटे जाग येते ती सिनीवाच्या मुसळानं. कोंबडे आरवतात, पण ते काय, वेळी-अवेळी कधीही आरवतात. उखळात कोको कुटायला लागला की मात्र समजायचं, उठायची वेळ झाली.

सिनीवा माझी भावजय, माझा धाकटा भाऊ याकोपो याची बायको. पलीकडच्या बेटावरून लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर तिच्या तोंडून मोजून चार शब्द बाहेर पडले असतील. मी तेव्हा गावभर म्हणत असे, आमच्या घराला एक खांब कमी होता, तो याकोपोनं आणला. तिच्या कानावर हे गेलंच असणार, कारण आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर. कोणाचं काही लपून राहत नाही. पण तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. मला तर वाटे, एकदा तरी भांड ग बाई, म्हणजे मलाही जरा मजा येईल.

ती कोको करून बसथांब्यावर विकते. बिया लोखंडी तव्यावर भाजायच्या, चटके बसत असतानाच साली काढायच्या, मग कुटायचं. गार झाल्या की साल चिकटून बसते आणि जास्त भाजल्या की कडू होतात. म्हणून तवा चुलीवर असताना सिनीवा जागची हलत नाही. दारात चर्चचा पास्तर येऊ दे नाहीतर वादळ येऊ दे. "तव्यावरचा कोको कोणाची वाट बघत नाही," असं म्हणते. तिच्या हातचा कोको कधी करपला नाही. ही गोष्ट मी थांब्यावर स्वतः ओरडून सांगते, कारण विकायचं काम माझं. तिला ओरडता येत नाही.

त्यांची मुलगी तिरेसा. जन्मतःच तिचा डावा पाय आत वळलेला. चालते, पळते, माडावरसुद्धा चढते, पण चालताना अंग एका बाजूला कलतं. आमच्या घरात त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पोरगी पाचवीत गेली आणि एक दिवस म्हणाली, पोट दुखतंय, शाळेत जात नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. मग तिची चप्पल हरवली. याकोपो म्हणाला, लाड पुरे झाले. मी म्हणाले, चार दिवस समुद्राचं पाणी पाजा, सगळी दुखणी पळतील. सिनीवानं आमच्या दोघांचं ऐकून घेतलं आणि पोरीला साली काढायला शेजारी बसवलं.

तिनं विचारलं काहीच नाही. मी असते तर पहिल्या मिनिटाला हाताला धरून विचारलं असतं, आणि पोरीनं तोंडाला कुलूप लावलं असतं. ही आपली बिया सोलतेय. बोटं भाजत होती, म्हणून दोघी फुंकर घालत होत्या. असं रोज चाललं. एका सकाळी तिरेसा मान खाली घालून म्हणाली, "आई, खेकडे तिरके का चालतात?"

"कोण विचारतंय?"

"फानो."

मग सगळं बाहेर आलं. फानो म्हणजे ओफिसाचा मुलगा. गावातली एकुलती एक बस ओफिसाची, म्हणून त्या घराचा तोरा जरा जास्तच. हा फानो तिच्या मागं मागं तिरका चालायचा, दोन बोटं नांगीसारखी वाजवायचा, आणि बाकीची पोरं "खेकडी आली, खेकडी आली" म्हणून ओरडायची. चप्पल हरवली नव्हती, त्यानं ती नीरफणसाच्या झाडावर भिरकावली होती. मी पलीकडे बसून ऐकत होते. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. उठून ओफिसाच्या घराकडे निघालेच होते, तेवढ्यात सिनीवानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं खाली बसले. ती नजर मी पहिल्यांदाच बघितली.

ती तिरेसाला म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. पाय तुझा आहे, खोड त्याची आहे. ह्यात तुझं काही चुकलेलं नाही. आता काय करावं असं तुला वाटतं?"

मला हसूच आलं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला का हे विचारायचं? पण पोरीनं उत्तर तयार ठेवलं होतं. शाळेत जाऊन भांडू नको, आणि बाबांना सांगू नको. सिनीवानं तिला स्पष्ट सांगितलं, की भांडणार नाही, पण बाबांपासून चोरून ठेवणार नाही. मात्र शाळेतल्या बाईंना सांगावंच लागेल. "तू सांग. मी शेजारी उभी राहते. अडलीस तर माझा हात दाब."

दोघी गेल्या. तिरेसा बोलली, आई नुसती उभी राहिली. बाई भल्या होत्या. त्यांनी मधल्या सुट्टीत लक्ष ठेवलं, फानोला दुसऱ्या रांगेत बसवलं, वर्गातली चिडवाचिडवी थांबली. रस्ता मात्र बाईंच्या हातात नव्हता. म्हणून सिनीवानं चर्चच्या गाण्याच्या मेळातल्या दोन थोराड पोरींना रोज मूठमूठ कोको देऊन तिरेसाच्या सोबतीला लावलं. सावकाश का होईना, गाडी रुळावर येत होती. पोरगी पुन्हा सकाळी बडबडायला लागली होती. मला आपलं वाटत होतं, कसलं हे मुंगीच्या पावलानं चालणं. आमच्या वेळी एक धपाटा घातला की काम भागत होतं.

तो धपाटा याकोपोनं घातला. सिनीवानं त्याला सगळं सांगितलं होतं आणि गप्प राहायचं वचन घेतलं होतं. पण माझा भाऊ मासेमारी करणारा, राग नाकाच्या शेंड्यावर. एका दुपारी तो जाळं खांद्यावर टाकून शाळेजवळच्या थांब्यावरून येत होता, आणि त्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिरेसा बसमध्ये चढतेय, मागं फानो तिरका होऊन बोटं वाजवतोय, अर्धी बस हसतेय. गाडीत मोठी माणसंसुद्धा होती. स्वतः ओफिसा ड्रायव्हरच्या जागेवर बसून आरशात बघून हसत होता. आपला तो बाब्या, दुसरं काय. याकोपोनं जाळं खाली टाकलं, फानोला बसच्या पायरीवरून गळपट्टीला धरून ओढलं आणि अशी थोबाडीत दिली, की पोरगा दगडावर पडला आणि त्याचा पुढचा दात तुटला.

मला तेव्हा बरं वाटलं, आणि हे मी आजही लपवत नाही. पण आमच्या रीतीनं पारडं तिथल्या तिथं फिरलं. मोठ्या माणसानं दुसऱ्या घरच्या लेकरावर हात टाकला, रक्त काढलं, तेही भर रस्त्यात, बापाच्या डोळ्यांदेखत. कालपर्यंत दोष त्यांचा होता, आज तो आमच्या दारात येऊन बसला. आमच्या काकांनी, म्हणजे आमच्या घराण्याच्या प्रमुखांनी, याकोपोला बोलावून नको नको ते ऐकवलं.

ते एक वेळ चाललं असतं. तिरेसाचं जे झालं ते मात्र बघवेना. शाळेत तिला आता खेकडी कोणी म्हणेना, कारण तिच्याशी कोणी बोलेचना. हिच्या जवळ जाऊ नका, हिचा बाप दात पाडतो. गाण्यातल्या दोन पोरींनाही त्यांच्या आयांनी बजावलं, की कोको नको आणि भानगड नको. आणि घरात ती साली काढायला बसायची, पण तोंड उघडायची नाही. बोललं की काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर सिनीवा माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाली, "दात फानोचा पडला. तोंड आपल्या पोरीचं बंद झालं."

याकोपो एवढा आडदांड माणूस, चटईच्या दशा उपसत बसला. मग म्हणाला, "काय करू सांग."

"आपल्यात जे करतात ते."

आपल्यात करतात ते म्हणजे इफोंगा. ज्याच्याकडून मोठा अपराध घडला, त्यानं उजाडायच्या आत समोरच्याच्या अंगणात जाऊन बसायचं, डोक्यावरून तलम चटई पांघरायची, मान खाली. घरच्यांनी चटई उचलली तर क्षमा, आणि चटई त्या घराची. नाही उचलली तर बसून राहायचं, आणि पुढं जे होईल ते सोसायचं.

मी भडकलेच. "पोरीला छळलं त्यांनी, आणि मान आपण खाली घालायची?"

"वन्सं," ती म्हणाली, "त्यांचं ते बघतील. आपलं आपण निस्तरू. नाहीतर उद्या तिरेसाला कोणत्या तोंडानं सांगू, की बळानं मोठा असेल त्यानं लहानाला मारू नये?"

ह्यानं मला जास्तच राग आला. त्यातून तलम चटई म्हणजे माझी चटई. घरात तेवढी एकच त्या तोलाची होती. केवड्याच्या पातीचे केसासारखे धागे काढून मी ती विणली होती. विणता विणता माझे डोळे कमजोर झाले. भाचीच्या लग्नात ती उलगडून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असा माझा बेत होता. आमच्यात भाऊ बहिणीकडे अशी वस्तू तोंडानं मागत नाही, तशी रीत नाही. याकोपो बाहेर अंगणात पसरलेल्या दगडगोट्यांवर नुसता बसून राहिला. मी पेटीतून चटई काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली. म्हटलं, "घे. चुरगळू नकोस."

पहाटे आम्ही गेलो. सिनीवानं तिरेसाला आधी विचारलं होतं, घरी थांबतेस की येतेस. ती म्हणाली, येते. काका आणि याकोपो ओफिसाच्या अंगणात बसले, चटई अंगावर घेतली. आम्ही बायका मागं रस्त्याच्या कडेला. उजाडलं, लोक जमले, तरी घरातून कोणी बाहेर येईना. माझ्या चटईवर दव पडत होतं आणि मी मनातल्या मनात त्या घराला शिव्या घालत होते. शेवटी ओफिसाची म्हातारी आई लोसा बाहेर आली. तिनं चटई उचलली.

याकोपोनं मान वर केली नाही. म्हणाला, "लेकरावर हात टाकला, ती चूक माझी. माझ्या पोरीचं काय झालं त्याचा हिशेब मागायला आलेलो नाही. ह्या चुकीला ते कारण मी सांगणार नाही." फानो खांबाआड उभा होता. एवढा मोठा माणूस आपल्यापुढं वाकलाय, हे तो तुटक्या दातानं, तोंड उघडं टाकून बघत होता.

परतताना तिरेसानं बापाचं बोट धरलं. "बाबा, चटईखाली अंधार होता?"

"होता."

"भीती वाटली?"

"खूप वाटली."

बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी साली काढताना पोरीची टकळी सुरू झाली. सिनीवानं फक्त जरा जास्त बिया भाजायला घेतल्या, म्हणजे बसणं लांबेल.

ह्याला काही दिवस झाले असतील. पहाटे चूल पेटवून सिनीवानं तवा वर ठेवला, बिया टाकल्या, आणि मी पाणी आणायला म्हणून अंगणात उतरले, तर समोर गाठोडं. जवळ जाऊन बघते तर झोपायची जुनी चटई, मधोमध भोक पडलेली, आणि खालून दोन पोरसवदा पाय बाहेर आलेले. त्या भोकातून फानोचे केस दिसत होते. त्याला कोणी पाठवलेलं नव्हतं. पाठवलं असतं तर चटई तरी धड दिली असती. आजीच्या अंगाखालून ओढून आणली असावी. असल्या चटईनं इफोंगा करत नाहीत, आणि एकट्या पोरानं तर मुळीच करत नाहीत, पण हे त्याला सांगणार कोण?

मी धावलेच. आमच्या दारात कोणी चटईखाली बसला आणि आम्ही उचलली नाही, तर गाव काय म्हणेल? त्यातून ओफिसाचा पोरगा. हात पुढे केला, तर मागून कोणीतरी माझा दंड धरला. सिनीवा तवा सोडून आली होती.

"वन्सं, थांबा. तो आपल्याकडे आलेला नाही."

तिनं तिरेसाला उठवलं. पोरगी डोळे चोळत पायरीवर आली आणि बघत राहिली. आई तिच्यासमोर उकिडवी बसली. "तो तुझ्यासाठी आलाय. चटई उचलायची तर तू उचल. नसेल उचलायची, तर तो घरी जाईल. आम्ही तुला एक शब्दानं बोलणार नाही. कोणाला बोलूही देणार नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

तिरेसानं विचार केला. मग म्हणाली, "आधी मी खाऊन घेते."

आणि खरंच खायला बसली. कालचा कोको, पाव, पावावर लोणी. एरवी शाळेच्या घाईत उभ्यानं खाणारी पोर मांडी घालून एकेक घास चावत होती. उजाडलं. थांब्याकडे जाणारी माणसं आमच्या कुंपणापाशी थांबायला लागली. मग ओफिसाची बस आली. तीच बस, तीच माणसं. ओफिसानं अंगणात पाहिलं, पाय ओळखले, आणि गाडी बंद केली. खाली उतरायला निघाला, पण सिनीवानं नुसता तळहात दाखवला, तसा तो पायरीवरच थांबला. मला उठून काहीतरी करावंसं वाटत होतं, माझे हात शिवशिवत होते. सिनीवा खांबाला धरून उभी होती, एक पाऊल पुढे नाही की मागे नाही.

तिरेसा उठली. पूर्वी लोक बघत असले की ती कडेकडेनं जायची, कुंपणाला धरून, म्हणजे चाल दिसू नये. त्या दिवशी ती अंगणाच्या मधून गेली. सगळ्या बससमोर, आपल्या चालीनं, एका बाजूला कलत, पायाखालचे गोटे वाजवत. कोणी हसलं नाही.

चटईजवळ जाऊन ती म्हणाली, "आत कोण आहे?"

"फानो."

"कशाला आलायस?"

चटई जरा हलली. मग भोकातून बारीक आवाज आला, "तुझी चप्पल मी झाडावर टाकली. तुझी नक्कल केली."

"आणि?"

"आणि खेकडी म्हणालो."

"मोठ्यानं सांग. बसमध्ये ऐकू गेलं नाही."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. आवाज रडका होता, पण शेवटपर्यंत सांगितलं. ओफिसानं मान खाली घातली. तिरेसा म्हणाली, "बरं. अजून थोडा बस. माझा कोको राहिलाय."

ती परत आली, पेल्यात उरलेला कोको प्यायली, पेला पालथा ठेवला, आणि मग जाऊन चटई उचलली. रीतीप्रमाणे त्याला आत बोलावलं, उरलेला पाव दिला. त्यानं तो तुटका दात सांभाळत कसाबसा खाल्ला. मग दोघं बसमध्ये चढले. त्यांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही, लगेच होतही नाही. पण तो शब्द त्या बसमध्ये पुन्हा ऐकू आला नाही. त्या दोन पोरीही परत सोबतीला यायला लागल्या, बिनकोकोच्या.

चटईचं आत्ताच सांगून टाकते. दुपारी लोसा म्हातारी आपली चटई शोधत आली. तिरेसानं तिला विचारलं, "आजी, इफोंगाची चटई कोणी परत नेतं का?" म्हातारी पोट धरून हसली आणि हात हलवत निघून गेली. माझी तलम चटई त्यांच्या पेटीत आहे, त्यांची भोकाची चटई आमच्या पेटीत. पाहुणे आले की आमच्या चटया दाखवताना मी ती सगळ्यात शेवटी काढते. लोक आधी हसतात, मग मी सांगायला लागते.

पण मला सांगायचं होतं ते त्या सकाळचं. बस गेली, माणसं पांगली, आणि एकदम वास आला. मी चुलीकडे बघितलं. तव्यातून काळा धूर निघत होता, सगळ्या बिया कोळसा झाल्या होत्या. सिनीवा अजून खांब धरून उभी होती. बोटं सोडवायला तिला वेळ लागला, नखांत लाकडाची बारीक कुसळं गेली होती.

"वन्सं, करपला," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

तिच्याबद्दल गावभर मी काय काय म्हणाले होते ते सगळं मला आठवलं. खांब म्हणाले होते ते खरंच होतं, पण मी ते वेगळ्या अर्थानं म्हणत होते. तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही. मी तव्यातल्या त्यातल्या त्यात बऱ्या बिया निवडल्या, कुटल्या, उकळल्या आणि दोन पेले भरले. विषासारखा कडू झाला होता. तिच्यासमोर बसून मी माझा पेला संपवला, आणि तिच्याकडून दुसरा मागून घेतला.